पन्हाळ्याचा घाट आणि टेकून बसावयाची सायकल

वाहन सुखाचें असावें ही मनुष्याची इच्छा वाहनाइतकीच जुनी आहे. बैलगाडींत कडब्याचा थर अंथरणारा शेतकरी, टांग्याला पोलादी कमानी बसविणारा लोहार आणि सायकलीच्या सीटखालीं स्प्रिंगा घालणारा कारखानदार हे तिघेही एकाच प्रश्नाचें उत्तर शोधीत आले. रस्त्याचा धक्का बसणाऱ्याच्या पाठीपर्यंत पोंचण्यापूर्वीं कोठें जिरवावयाचा, हा तो प्रश्न. पन्हाळ्याच्या इतिहासांत या प्रश्नाचें एक अविस्मरणीय उत्तर नोंदलेलें आहे. इ. स. १६६० च्या आषाढांत, भर पावसांत, शिवाजी महाराज सिद्दी जौहरचा वेढा चुकवून विशाळगडाकडे निघाले ते पालखींतून. वाट डोंगराची, चिखलाची आणि रात्रीची होती. परंतु पालखीला चाक नसतें. तिच्यांतील धक्का शोषून घेणारी यंत्रणा म्हणजे ती खांद्यावर घेऊन धांवणाऱ्या मावळ्यांचे गुडघे.

गुडघा ही निसर्गानें मनुष्याला दिलेली फार उत्तम कमान आहे. नेहमींच्या सायकलीवर बसणाराही तिचाच उपयोग करीत असतो. पुढें खड्डा दिसला कीं तो नकळत सीटवरून किंचित् उठतो, शरीराचा भार पायांवर घेतो आणि धक्का गुडघ्यांत जिरवितो. ही क्रिया इतकी सहज होते कीं तिच्याकडे कोणाचें लक्षही जात नाहीं. परंतु सायकलीचा असा एक प्रकार आहे कीं ज्यावर बसणाऱ्याला हें करतांच येत नाहीं. इंग्रजींत तिला रिकंबंट म्हणतात. मराठींत तिला टेकून बसावयाची सायकल म्हणतां येईल. तींत सीटच्या जागीं आरामखुर्चीसारखी बैठक असते, पाठ टेकलेली असते आणि पाय पुढें लांबवून पायडलें फिरवावयाचीं असतात. मनगटांवर भार पडत नाहीं, मान मोडून पाहावें लागत नाहीं आणि कमरेखालच्या नाजूक भागावर अरुंद सीटचा दाब येत नाहीं. ज्यांना मान, मनगट किंवा कंबर यांच्या दुखण्यामुळें नेहमींची सायकल सोडावी लागली, अशा पुष्कळांना पुन्हा दोन चाकांवर आणण्याचें काम या सायकलीनें केलेलें आहे.

ही सायकल म्हणजे अलीकडची कल्पना नव्हे. फ्रान्समध्यें शार्ल मोशे या कारागिरानें तयार केलेल्या अशा सायकलीवर फ्रान्सिस फोर या सायकलपटूनें ७ जुलै १९३३ रोजीं पॅरिस येथें एका तासांत ४५.०५५ किलोमीटर अंतर तोडलें आणि ऑस्कर एग याचा १९१४ सालचा ४४.२४७ किलोमीटरांचा उच्चांक मोडला. त्यावर मोठा वाद माजला. अखेर १९३४ सालीं आंतरराष्ट्रीय सायकल संघानें शर्यतीच्या सायकलीची व्याख्याच अशी ठरविली कीं टेकून बसावयाची सायकल तिच्या बाहेर राहावी. शर्यतींचें दार बंद झाल्यामुळें मोठ्या कारखान्यांनीं या सायकलीकडे पाठ फिरविली आणि ती हौशी कारागिरांच्या घरच्या कार्यशाळेंत जाऊन राहिली.

महाराष्ट्रांत व त्याच्या सीमेवर घरच्या कार्यशाळेची परंपरा लहान नाहीं. १८८८ सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवांत सायकलींचें दुकान सुरू केलें. त्याच उद्योगांतून पुढें लोखंडी नांगर निघाले आणि १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली. कोल्हापुरांत तर ओतकाम, कातकाम आणि वेल्डिंग यांची विद्या गल्लोगल्लीं रुजलेली आहे. उद्यमनगरांतून पोलादी नळी विकत आणावी, जुन्या सायकलीचीं चाकें व चिमटे जमवावेत आणि ओळखीच्या मिस्त्रीकडून जोड मारून घ्यावेत, एवढें केलें कीं टेकून बसावयाची सायकल उभी राहते. बाजारांत ती सहज मिळत नसल्यानें हाच मार्ग बहुतेकांना सोयीचा वाटतो. परंतु ती उभी राहणें निराळें आणि कोल्हापुराहून केर्ली, वाघबीळ या मार्गानें पन्हाळा चढून सुखरूप परत येणें निराळें.

पन्हाळा कोल्हापुराच्या वायव्येस सुमारें वीस किलोमीटरांवर आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची ९७७ मीटर म्हणतात आणि कोल्हापुराच्या मैदानापासून ती सुमारें ४०० मीटर भरते. चालविणारा आणि सायकल मिळून ९० किलो वजन धरलें, तर एवढें ओझें गडावर चढविण्यास ३६,००० किलोग्रॅम-मीटर काम करावें लागतें. तें एका तासांत करावयाचें म्हटल्यास सतत सुमारें शंभर वॉट शक्ति निव्वळ चढासाठींच खर्च होते. तेव्हां घरीं केलेल्या सायकलींत पांच किलो लोखंड जास्त पडलें, तर चढाचें काम साडेपांच टक्क्यांनीं वाढतें. म्हणूनच कारागीर नळी बारीक घेण्याचा, एखादा आडवा तुकडा गाळण्याचा मोह धरतो. आणि हा मोह बहुधा मागील सांगाड्यावर येऊन पडतो, कारण तेथेंच सर्वांत अधिक तुकडे असतात.

मागील सांगाडा म्हणजे मुख्य नळीपासून मागच्या चाकाच्या आंसापर्यंतचा भाग. त्याला एकाच वेळीं तीन कामें करावीं लागतात. पहिलें काम बसणाऱ्याचें वजन उभ्या दिशेनें पेलण्याचें. दुसरें काम साखळीच्या ओढीला पुरून उरण्याचें. तिसरें काम चाक एका पातळींत राखण्याचें, म्हणजे वळणावर तें कलूं किंवा पिळूं न देण्याचें. आराम हवा असेल तर पहिल्या दिशेनें थोडा मऊपणा चालेल. परंतु दुसऱ्या व तिसऱ्या दिशेनें मुळींच चालणार नाहीं. सारी अडचण या एका गोष्टींत आहे. कारण साधी गोल नळी सर्व दिशांनीं सारखीच ताठ किंवा सारखीच मऊ असते. तिला एका दिशेनें मऊ करावयाला जावें, तर ती इतर दिशांनींही मऊ होते.

साखळीची ओढ किती असते याची कल्पना पुष्कळांना नसते. पायडलाचा दांडा १७० मिलिमीटर लांब असून त्यावर ६० किलोंचा दाब पडला आणि पुढील दातेरी चक्र ४२ दात्यांचें असलें, तर साखळींत सुमारें १२० किलोंची ओढ निर्माण होते. घाटांत चढण्यासाठीं २८ दात्यांचें लहान चक्र घेतलें कीं तीच ओढ १८० किलोंवर जाते. टेकून बसणाऱ्याला तर पाठीमागें भक्कम आधार असल्यामुळें तो स्वतःच्या वजनाहूनही अधिक जोर पायडलावर देऊं शकतो. शिवाय ही ओढ चाकाच्या मध्यांतून जात नाहीं. ती उजव्या बाजूला सुमारें साडेचार सेंटिमीटर अंतरावरून जाते. त्यामुळें प्रत्येक जोरासरशीं मागचें चाक उजवीकडून पुढें खेंचलें जातें. सांगाडा लेचापेचा असला तर चाक तिरपें होतें, टायर चिमट्याला घासतें, साखळी दात्यांवरून उडते. वांकण्यांत गेलेली सगळीच शक्ति फुकट जाते असें नाहीं, कारण पोलाद वांकून पुन्हा सरळ होतांना तिचा कांहीं भाग परत देतें. परंतु रेषेबाहेर गेलेलें चाक चढावर चालविणाऱ्याचा तोल बिघडवितें, आणि टेकून बसलेल्याला अंग हलवून तोल सांवरण्यास फारसा वाव नसतो.

आतां उभ्या दिशेच्या मऊपणाचा विचार करूं जातां एक साधा हिशेब उपयोगी पडतो. समजा, एखाद्यानें आराम मिळावा म्हणून मागील सांगाड्यांतील वरच्या तिरप्या नळ्या काढून टाकल्या आणि चाक केवळ दोन आडव्या नळ्यांच्या टोंकांना बसविलें. नळ्यांचा व्यास १९ मिलिमीटर, पत्रा १.२ मिलिमीटर जाड आणि लांबी ४५० मिलिमीटर धरावी. चाकावर ५० किलो भार आला तर हिशेबानें त्यांचें टोंक सुमारें १४ मिलिमीटर उचललें जाईल. हें ऐकावयास आरामाचें वाटतें. परंतु त्याच वेळीं नळीच्या मुळाशीं दर चौरस मिलिमीटरास सुमारें ४० किलो ताण येतो, आणि साधें मऊ पोलाद २५ किलोंच्या आसपास कायमचें वांकतें. म्हणजे ही सायकल घाटांत पोंचण्याचीही आवश्यकता नाहीं. बसणारा तिच्यावर बसला कीं ती अंगणांतच बसेल. याउलट वरच्या तिरप्या नळ्या जागच्या जागीं ठेवून त्रिकोण पुरा केला, तर त्याच नळ्यांवर वांकविणारा जोर न येतां केवळ दाबणारा आणि ताणणारा जोर येतो, आणि आंस मिलिमीटराच्या दहाव्या भागाइतकाही हलत नाहीं. कैचीचें छप्पर आणि रेल्वेचा पूल ज्या नियमावर उभे आहेत, तोच हा नियम.

मग असा ताठ त्रिकोण पाठ मोडील काय? येथें एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. रस्ता आणि पाठ यांच्या दरम्यान एकापुढें एक अशा अनेक कमानी असतात: टायर, चाक, सांगाडा, बैठक. अशा एकापुढें एक जोडलेल्या कमानींत एकूण दबणें म्हणजे प्रत्येकीच्या दबण्याची बेरीज. समजा, बसणाऱ्याच्या वजनानें टायर ८ मिलिमीटर दबला, जाळीची बैठक १५ मिलिमीटर ताणली गेली आणि मागील त्रिकोण ०.१ मिलिमीटर दबला, एकूण २३.१ मिलिमीटर झाले. आतां त्रिकोण दुप्पट मऊ केला तर बेरीज २३.२ होते. हा फरक कोणत्याही पाठीला कळणार नाहीं. उलट टायर थोडा रुंद घेतला किंवा बैठकीची जाळी जरा सैल केली, तर कित्येक मिलिमीटरांचा लाभ होतो आणि सांगाड्याच्या बळाला धक्काही लागत नाहीं.

टायरचें हें महत्त्व सायकलीच्या इतिहासांतही दिसतें. १८८८ सालीं, म्हणजे ज्या वर्षीं बेळगांवांत किर्लोस्करांचें दुकान निघालें त्याच वर्षीं, जॉन बॉइड डनलॉप यानें बेलफास्ट येथें हवेच्या टायरचें पेटंट घेतलें. त्यापूर्वीं भरीव रबराच्या सायकलींना सुसह्य करण्यासाठीं कारागिरांनीं सांगाड्यांत नाना प्रकारच्या कमानी घालून पाहिल्या होत्या. हवेचा टायर आल्यावर त्यांतल्या बहुतेक अडगळींत गेल्या. टायरमधील हवेचा दाब दर चौरस इंचास ८० पौंड असला आणि चाकावर ११० पौंड भार असला, तर टायर रस्त्याला सुमारें १.४ चौरस इंच टेकतो; दाब ४० पौंड केला तर २.७५ चौरस इंच टेकतो. टेकण्याची जागा वाढली कीं बारीक खडी टायरच्या पोटांत मावते आणि तिचा खडखडाट वर पोंचत नाहीं. परंतु कमी दाब रुंद टायरलाच मानवतो. अरुंद टायरमध्यें हवा कमी केली तर रिम दगडावर आपटते आणि ट्यूब दोन ठिकाणीं कापली जाते. म्हणून मागील चिमटा तयार करतांनाच त्यांत रुंद टायरला जागा ठेवणें हें शहाणपणाचें. ही जागा मागाहून करतां येत नाहीं.

चाकाच्या आकाराचाही यांत वांटा आहे. टेकून बसावयाच्या सायकलींना पुष्कळदां वीस इंची चाकें लावितात. दोनशें मिलिमीटर रुंदीच्या खड्ड्यांत अडीचशें मिलिमीटर त्रिज्येचें लहान चाक जवळजवळ २१ मिलिमीटर खालीं जातें. ३४० मिलिमीटर त्रिज्येचें मोठें चाक १५ मिलिमीटरच जातें. बैठक मागच्या चाकाच्या अगदीं वर असली तर हा सारा उतार पाठीला जाणवतो. ती दोन चाकांच्या मधोमध असली तर निम्माच जाणवतो. तेव्हां मागें मोठें चाक घेणें आणि बैठक थोडी पुढें सरकविणें या दोन गोष्टींनीं, एकही स्प्रिंग न लावतां, धक्का पुष्कळ कमी होतो. बैठकीचा कलही पाहावा. सरळ बसणाऱ्याला धक्का पाठीच्या कण्याच्या लांबीनें बसतो, मणक्यावर मणका आपटतो. मागें कललेल्याला तोच धक्का कण्याच्या आडवा आणि सगळ्या पाठीवर पसरून बसतो.

एवढें करूनही ज्याला अधिक आराम हवा त्यानें सांगाडा मऊ न करतां तो बिजागरीवर हलता करावा. मोटरसायकलीच्या मागील चिमट्याप्रमाणें सबंध त्रिकोण ताठ ठेवून तो एका आडव्या खिळीवर फिरूं द्यावा आणि त्याच्या व मुख्य नळीच्या मध्यें स्प्रिंग व शॉक ॲब्सॉर्बर बसवावा. असें केलें म्हणजे उभ्या दिशेचा मऊपणा स्प्रिंगकडे जातो आणि आडव्या दिशेचा ताठपणा त्रिकोणाकडे राहतो. दोन कामांना दोन नोकर मिळतात. मात्र खिळ रुंद व तिचे छर्रे घट्ट असले पाहिजेत. सैल खिळ असलेला चिमटा हा लेच्यापेच्या सांगाड्याहूनही वाईट.

स्प्रिंग किती मऊ असावी यालाही माप आहे. वजनानें स्प्रिंग १० मिलिमीटर दबत असेल तर ती सेकंदास सुमारें ५ वेळां झुलते. २५ मिलिमीटर दबत असेल तर ३ वेळां. ४० मिलिमीटर दबत असेल तर अडीच वेळां. बसलेल्या मनुष्याच्या शरीराला सेकंदास ४ ते ८ या वेगाचे उभे हादरे सर्वांत अधिक त्रास देतात. म्हणजे अर्धवट मऊ स्प्रिंग नसलेली बरी. ती धक्का नेमका त्रासाच्या पट्ट्यांत आणून ठेवते. उलट फार मऊ केली तर दुसरें संकट उभें राहतें. मिनिटास ७५ फेरे मारणारा सायकलवाला दोन पायांनीं मिळून १५० जोर देतो, म्हणजे सेकंदास अडीच. चाळीस मिलिमीटर दबणारी स्प्रिंग त्याच तालावर झुलत असल्यानें सायकल चढावर झोंपाळ्यासारखी डोलूं लागते. यावर दोन उपाय आहेत. पहिला शॉक ॲब्सॉर्बरचा, जो झोका मारून टाकतो. दुसरा या सायकलीच्या लांब साखळीनें दिलेला: साखळीला वाटेंत एका फिरकीवरून वळवितां येतें, आणि ताणाची बाजू खिळीच्या अगदीं जवळून नेली तर साखळीची ओढ चिमट्याला वर किंवा खालीं फिरवूं शकत नाहीं.

खिळीची खटपट टाळावयाची असेल तर टांग्याच्या कमानीपासून धडा घेतां येतो. ३० मिलिमीटर रुंद आणि ६ मिलिमीटर जाड पट्टी आडवी ठेवली, तर ती उभ्या दिशेनें जितकी ताठ असते, तिच्या पंचवीसपट आडव्या दिशेनें ताठ असते. गोल नळीला जें साधत नाहीं तें सपाट पट्टीला साधतें तें यामुळें. परंतु तिला कमानीचें पाणी दिलेलें पोलाद लागतें. आणि अशा पोलादाला वेल्डिंगचा विस्तव लावला कीं त्याचें पाणी उतरतें. म्हणून कमानीची पट्टी नेहमीं बोल्टनें आवळावी, झाळूं नये.

अखेर प्रश्न आरामाचा न राहतां जिवाचा होतो तो उतारावर. चढतांना जें ३६,००० किलोग्रॅम-मीटर काम सांठविलें तें सगळें उतरतांना ब्रेक आणि वारा यांनीं परत घ्यावयाचें असतें. वेगांत खड्ड्यावर आपटलेल्या चाकाचा भार उभ्या भाराच्या दुप्पट-तिप्पट होतो. पोलाद एका धक्क्यानें सहसा तुटत नाहीं. हजारों लहान धक्क्यांनीं जोडाच्या कडेला केसासारखी चीर पडते आणि ती पावसाळ्यांत गंजाच्या आड वाढत जाते. मागील चिमटा उतारावर तुटला तर टेकून बसलेल्याला उडी टाकण्यास अवसर मिळत नाहीं. म्हणून घरच्या कारागिरानें जोड अधिक ताणाच्या जागेपासून दूर घ्यावा, नळीला तेथें भोंक पाडूं नये, आणि ॲल्युमिनियमपेक्षां पोलादच पसंत करावें. कारण ताण मर्यादेंत राहिला तर पोलाद जवळजवळ अमर्याद धक्के सोसतें, ॲल्युमिनियमला तशी मर्यादाच नाहीं.

परीक्षा घरच्या घरींही करतां येते. सांगाडा भिंतीशीं घट्ट आवळावा, मागच्या आंसाच्या जागीं दांडा बसवावा, त्याला बाजूनें दहा किलो वजन लावावें आणि टोंक किती मिलिमीटर सरकलें तें पट्टीनें मोजून लिहून ठेवावें. शेजारच्या चांगल्या सायकलीचीही तीच परीक्षा घेऊन तुलना करावी. दोन महिन्यांनीं पुन्हा मोजल्यास आंकडा वाढलेला दिसला, तर कोठें तरी चीर पडली आहे असें समजावें. जोडांना फिकट रंग दिला तर ही चीर डोळ्यांनाही लवकर दिसते.

यावरून क्रम आपोआप ठरतो. सांगाडा ताठ असावा, टायर रुंद असावा, बैठक जाळीची व पुढें सरकलेली असावी; स्प्रिंगचा विचार त्यानंतर. गुडघ्यांची कमान ज्या वाहनानें काढून घेतली, त्यानें तिची भरपाई योग्य जागीं केली पाहिजे. सांगाड्याच्या बळांतून ती करूं नये. पन्हाळा चढून गेलेली सायकल चांगली खरी. परंतु तो उतरून आल्यावर जिच्या जोडाच्या रंगाला तडा गेलेला नसतो, तिच्यावरच घरच्या माणसाला बसवावें.